जठरातल्या शिरेला बँड का पुरत नाही?

सिरोसिसमध्ये यकृत घट्ट होतं, आतडी आणि प्लीहेकडून येणारं रक्त त्यात सहज शिरत नाही. हे रक्त यकृताकडे नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने निघतं. त्या आडवाटेवरच्या शिरा फुगतात, बहुतेकांच्या अन्ननलिकेत आणि साधारण पाचातल्या एकाच्या जठरात. अन्ननलिकेतल्या शिरेला तोंडावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोप) रबरी बँड लावला की काम भागतं. जठरात प्रत्येक वेळी तसं होत नाही.

नक्की कुठली शीर, हे आधी पाहावं लागतं. दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये केलेली वर्गवारी आज जगभर वापरतात. अन्ननलिकेतूनच पुढे जठराच्या आखूड कडेला उतरलेल्या शिरा सर्वांत जास्त आढळतात. त्यांना बँड चालतो. खरी धास्ती फंडसमधल्या, म्हणजे जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरांची. दुर्बीण जठरात नेऊन मागे वळवली की द्राक्षांच्या घोसासारखा गठ्ठा दिसतो. या शिरा फुटल्या की रक्ताचा लोंढा असतो. बँड लावताना शीर आधी दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत ओढून घ्यावी लागते, पण एवढी जाड शीर तिच्यात पुरती ओढली जात नाही. वरचा थोडाच भाग अडकतो. काही दिवसांनी बँड गळला की तिथे व्रण राहतो आणि त्याखाली वाहती शीर तशीच असते.

म्हणून इथे ग्लू वापरतात: एन-ब्युटिल सायनोअॅक्रिलेट, घरातल्या फेविक्विकचा चुलतभाऊ. फेविक्विक बोटाला का चिकटतं? ओलाव्यामुळे. हा ग्लूही रक्त लागताच काही सेकंदांत दगडासारखा होतो आणि शिरेचं भोक आतून बुजवतो. अडचणीही याच गुणामुळे येतात.

ग्लू लिपिओडॉल या तेलकट द्रवात मिसळण्याची पद्धत जुनी आहे, 0.5 मिलीला 0.8 मिली हे एक रूढ प्रमाण. त्यामुळे तो जरा उशिरा गोठतो आणि एक्स-रेत दिसतो. काही केंद्रांत तो निव्वळच देतात. मिश्रण फार पातळ झालं तर गोठण्याआधीच ग्लू रक्ताबरोबर वाहून जातो. सुईची नळी आधी डिस्टिल्ड वॉटरने किंवा लिपिओडॉलने भरून घेतात. सलाइन नको, कारण त्यातल्या क्षारांमुळे ग्लू नळीतच बसू शकतो. दुर्बिणीच्या टोकाला तेल लावतात. खोलीतल्या सगळ्यांनी चष्मा घालायचा, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

सुई शिरेत गेली की सहायक एका वेळी साधारण 1 मिली ग्लू ढकलतो. पण नळीतही जवळजवळ तेवढाच ग्लू उरलेला असतो, म्हणून मागोमाग नळीच्या मापाचं डिस्टिल्ड वॉटर ढकलायचं आणि ते संपताच सुई झटकन मागे घ्यायची. उशीर झाला तर सुई शिरेतच चिकटते. घाई झाली तर ग्लू जठरात सांडतो. काही सेकंद सक्शनला हात लावायचा नाही, नाहीतर ग्लू दुर्बिणीत ओढला जातो आणि महागडं यंत्र दुरुस्तीला जातं. मग नळीच्या बोथट टोकाने शीर दाबून पाहतात. कडक लागली तर काम झालं. मऊ लागली तर पुन्हा एक इंजेक्शन. तीन-चार आठवड्यांनी परत तपासणी.

सर्वांत मोठा धोका म्हणजे ग्लूचा तुकडा फुप्फुसात जाणं. फंडसमधल्या शिरांना अनेकदा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेकडे जाणारी रुंद वाट असते आणि तिथून ग्लू हृदयामार्गे फुप्फुसात पोहोचू शकतो, म्हणून शक्य असेल तर आधी सीटी स्कॅन काढून ती पाहून घेतात. वाट रुंद असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडखाली (दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) शिरेत आधी धातूची कॉइल सोडतात. कॉइलच्या धाग्यांत ग्लू अडकून राहतो आणि कमी लागतो.

आता कळीचा प्रश्न: अजून रक्तस्राव झालाच नाही, तर ग्लू भरावा का? दिल्लीतल्याच गटाने 2011 मध्ये 10 मिमी किंवा त्याहून मोठ्या शिरा असलेल्या 89 जणांची चाचणी प्रसिद्ध केली. सुमारे दोन वर्षांत ग्लू घेतलेल्यांपैकी 10 टक्के, बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांपैकी 38 टक्के आणि काहीच उपचार न घेतलेल्यांपैकी 53 टक्के जणांना रक्तस्राव झाला. ग्लू आणि गोळी यांच्या गटांत मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठोस फरक नव्हता. एवढ्या एका छोट्या चाचणीवरून सरसकट सर्वांना ग्लू द्यावा, असं आम्हाला वाटत नाही. शीर मोठी, तिच्यावर लाल ठिपके आणि यकृत खालावलेलं असेल तर जरूर विचार करावा. कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर झेपत असेल तर ते घ्यायचंच; त्याने पोर्टल दाबच उतरतो, ग्लूने फक्त एक वाट बंद होते.

सिरोसिस नसताना फक्त फंडसमध्ये शिरा दिसल्या, तर प्लीहेची शीर तपासावी. स्वादुपिंडाच्या सुजेने तिच्यात गुठळी झालेली असू शकते आणि त्या रुग्णाचा इलाज प्लीहा काढणं हाही असतो.

घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ग्लूचा गोळा जठरात गळून पडतो, ते अपेक्षितच आहे. त्या जागी कधी व्रण होऊन रक्त येतं. डांबरासारखी काळी, चिकट शी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठावं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण तो फरक घरी बसून ठरवत बसू नये.