हेडलेस सीएमएस: मुंडकं वेगळं का झालं?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव रोज बदलतो. तो वेबसाइटवर हवा, शेतकऱ्याच्या मोबाइल अ‍ॅपवर हवा आणि खरेदीच्या ठिकाणी टांगलेल्या टीव्हीवरही हवा. तीन जागी टाइप करायचा म्हटलं की कुठेतरी कालचाच आकडा राहतो आणि मग फोन खणखणू लागतात. जळगाव-धुळ्याकडच्या लहान सॉफ्टवेअरवाल्यांच्या टेबलावर ‘हेडलेस सीएमएस कोणता घ्यायचा’ हा प्रश्न येतो तो असा. सीएमएस म्हणजे मजकूर भरायची-सांभाळायची यंत्रणा; हेडलेस म्हणजे मजकूर दाखवणारं मुंडकं तिच्यापासून वेगळं केलेलं. भाव एकच, तोंडं तीन.

२००१ चं ड्रुपल, २००३ चं वर्डप्रेस, २००५ चं जूमला: या सगळ्या सीएमएसमध्ये धड आणि मुंडकं एकच होतं. मजकूर ज्या यंत्रणेत भरायचा, तीच थीम चढवून पान तयार करून द्यायची. वाचायला फक्त संगणकाचा ब्राउझर होता, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड, आणि गणित बिघडलं. अ‍ॅपला सजवलेलं पान नको असतं, नुसता मजकूर हवा असतो. अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओ संस्थेने २००८ मध्ये आपला मजकूर एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला तो थेट मागता येईल अशा वाटेने, खुला केला. ‘एकदा लिहा, सगळीकडे छापा’ ही त्यांची रीत पुढे बरीच गाजली. हेडलेस हा शब्द रुळायच्या आधीची ही गोष्ट, पण कल्पना तीच.

पुढे वेग आला. २०१३ च्या सुमारास बर्लिनचं कंटेंटफुल हे हेडलेस सीएमएस भाड्याच्या सेवेसारखं आलं. २०१५ मध्ये फ्रान्समधून स्ट्रॅपी सुरू झालं, ते आपल्याच सर्व्हरवर चालवता येतं. त्याच वर्षी फेसबुकने ग्राफक्यूएल, म्हणजे एपीआयकडे हवा तेवढाच मजकूर मागायची भाषा, खुली केली. मग जुन्यांनीही अंग झटकलं: डिसेंबर २०१६ च्या वर्डप्रेस ४.७ मध्ये मजकुराचा रेस्ट एपीआय (वेब पत्त्यावरून नुसता मजकूर देणारा) आतच आला, ड्रुपल ८.७ ने २०१९ मध्ये त्याच धर्तीचा जेसन एपीआय गाभ्यात घेतला. म्हणजे जुनं वर्डप्रेसही मुंडक्याविना चालवता येतं, हे बरेच जण विसरतात.

मुंडकं काढलं की काय जातं, ते मात्र विक्रेते हळू आवाजात सांगतात. ‘छापण्याआधी कसं दिसेल’ हे दाखवणारं पान आपल्याला बांधावं लागतं. दुव्यांची घडणही आपल्याच गळ्यात पडते. त्यात देवनागरीची गंमत वेगळी: वर्डप्रेसच्या दुव्यात एकेक देवनागरी चिन्ह नऊ अक्षरांचं होतं आणि मर्यादा २०० ची. म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर मराठी मथळ्याचा दुवा तुटका. नव्या यंत्रणेत हा नियम आपणच ठरवायचा, म्हणून आधी तपासावा. भाषेचंही तसंच. या यंत्रणांच्या भाषांच्या तयार याद्यांत मराठी सापडते. अहिराणी बहुधा आपणच जोडावी लागते. तिचा आयएसओ कोड, म्हणजे भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतली खूण, ‘एएचआर’ (ahr) आहे.

एकच वेबसाइट असेल तर माझ्या मते मुंडकं जागेवरच राहू द्यावं. टीव्ही आणि अ‍ॅप आले की बोलू.