पहाटे तीनची ओहोटी

गेल्या एप्रिलात माझी भाची ऐरोलीहून आमच्याकडे, ठाण्याला नौपाड्यात राहायला आली. एमएस्सीचा प्रबंध जमा करायला बारा दिवस उरले होते. घरी धाकट्या भावाची परीक्षा आणि आजीचं आजारपण, त्यामुळे तिला बसायला जागाच मिळत नव्हती. "मावशी, आतली खोली देतेस का? जेवायला हाक मारलीस तरच बाहेर येईन," असं म्हणत तिने टेबलावर लॅपटॉप, दोन फायली आणि नमुन्यांच्या नोंदींची वही मांडली. वहीच्या कोपऱ्यांना खाडीचा चिखल वाळून चिकटलेला होता.

तिचा विषय मला फार आवडला होता. ठाणे खाडीच्या गाळात पॉलिकीट नावाचे कृमी राहतात. अंगावर वलयं, दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके. पाण्याबाहेर काढले की दोऱ्याच्या तुकड्यांसारखे दिसतात, पण तिथली अन्नसाखळी अशा जिवांवरच उभी आहे. याच खाडीत दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात आणि तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला. भरतीरेषेजवळ, मधल्या पट्ट्यात आणि ओहोटीरेषेजवळ हे कृमी किती सापडतात, ते तिने वर्षभर मोजलं होतं. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कधी भर दुपारी, कधी उजाडताच गुडघाभर चिखलात उतरायचं. इतक्या कष्टाने गोळा केलेलं काम आता बारा दिवसांत कागदावर उतरवायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी तिने भिंतीवर कागद चिकटवला. प्रस्तावना एक दिवस, आधीच्या संशोधनाचा आढावा दोन, पद्धती एक, निरीक्षणं दोन, चर्चा दोन, संदर्भसूची एक, मांडणी आणि छपाई एक. दहा दिवसांत काम संपणार आणि वर दोन दिवस हाताशी राहणार. तिचा चेहरा उजळला. मी वीस वर्षं कॉलेजात शिकवते आहे आणि असे कागद पुष्कळ पाहिले आहेत. प्रत्येक कागद लिहिणाऱ्याला तो अगदी खरा वाटत असतो.

कामाला लागणारा वेळ कमी धरायच्या माणसाच्या या सवयीला डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिलं. मराठीत आपण तिला नियोजनाचा भ्रम म्हणू. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये त्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो नेमका प्रबंधाचाच होता. शेवटच्या वर्षाच्या ३७ विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. स्वतः सांगितलेल्या दिवसापर्यंत दहातल्या तिघांचंच काम झालं. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला.

हे आळसाचं लक्षण नाही, आणि विद्यार्थ्यांना तसं बोललं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. अंदाज बांधताना आपलं मन एक चित्र रंगवतं: मी बसले, लिहिलं, झालं. त्या चित्रात वीज जात नाही, सॉफ्टवेअर अडत नाही, गाईड परगावी नसतात. मागच्या वेळी उशीर झाला होता हे आठवतं, पण त्याला आपण "तेव्हा ताप आला होता" असं खास कारण चिकटवून बाजूला ठेवतो. याच संशोधकांना असंही दिसलं की दुसऱ्याच्या कामाचा अंदाज माणूस जास्त सावधपणे बांधतो. म्हणून त्यावर उपायही सोपा आहे. मनातलं चित्र सोडायचं आणि ज्यांनी हेच काम केलंय त्यांना खरोखर किती वेळ लागला ते विचारायचं.

मी तिला मागच्या बॅचच्या तिघींना फोन करायला लावला. एकीने सांगितलं, नुसत्या संदर्भसूचीला अडीच दिवस गेले. दुसरीचं प्रकरण गाईडकडून तपासून यायला चार दिवस लागले होते. तिसरीच्या आलेखांमधला मराठी मजकूर छापताना चौकोन-चौकोन होऊन आला आणि एक अख्खा दिवस त्यात गेला. भाचीने नवा हिशेब मांडला. दहा दिवसांच्या कामाला सोळा दिवस लागणार होते आणि हातात बाराच होते.

"मग रात्री जागते," ती म्हणाली. आपल्याकडे या प्रश्नावर सगळे हेच उत्तर देतात, आणि कौतुकाने देतात.

चौथ्या रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा तीन वाजत आले होते. आतल्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. निरीक्षणांचं प्रकरण ती तिसऱ्यांदा वाचत होती. "झालं गं, फक्त चुका बघतेय," म्हणाली. मी दिवा घालवायला सांगितला, तिने ऐकलं नाही. सकाळी साडेनऊला पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन तिने तेच पान उघडलं आणि चमचा हातातच राहिला. "मावशी, हे मी लिहिलंय?" वाक्य असं होतं: 'कृमींची संख्या भरतीरेषेजवळ सर्वाधिक आढळली.' खालच्या तक्त्यात सगळ्यात मोठे आकडे ओहोटीरेषेजवळचे होते. वर्षभराच्या कामाचा मुख्य शोध एका शब्दाने उलटा झाला होता आणि रात्री तीनदा तो शब्द तिच्या डोळ्यांखालून गेला होता.

तीन वाजता डोक्यात काय चाललेलं असतं? अलेक्झांडर बोर्बेली या झोपेच्या अभ्यासकाने १९८२ मध्ये जी मांडणी केली, ती आजही पायाभूत मानतात. झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. एक म्हणजे साचत जाणारा दाब. आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात आणि त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागरण, तितका हा साठा मोठा आणि पेशी तितक्या मंद. दुसरं म्हणजे शरीराचं २४ तासांचं घड्याळ, ज्याची मुख्य किल्ली मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात असते. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली येतं आणि सावधपणाही त्याच सुमारास तळाला जातो. तीनच्या सुमारास जागणाऱ्याला हे दोन्ही एकदम गाठतात: दिवसभराचा दाब पुरता साचलेला आणि घड्याळाची ओहोटी.

ही मंदी किती असते? ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ऑस्ट्रेलियात केलेला एक प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांना जागं ठेवून आणि वेगळ्या दिवशी मद्य देऊन हात आणि डोळे यांचा मेळ लागणारी एकच चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली. २४ तासांच्या जागरणानंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांइतकी खाली गेली. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेली मुलगी मध्यरात्री बाराला या पहिल्या रेषेपाशी पोहोचते. त्या अवस्थेत आपण तिला घोडबंदर रोडवर गाडी चालवू देणार नाही, पण प्रबंधाचा निष्कर्ष लिहू देतो.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती रोजच्या थोड्या थोड्या कपातीची. हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात काही जणांना सलग चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांच्या चुका एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतक्या झाल्या. आणि त्यांना विचारलं तर ते म्हणत होते, थोडी झोप येतेय, बाकी ठीक आहे. आपण किती घसरलोय ते कळण्याची ताकदही त्याच मेंदूची असते आणि तीही सोबतच घसरते. "मला सवय आहे जागरणाची" असं विद्यार्थी म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना आतून खरंच तसं वाटत असतं.

मग कॉफीचं काय? कॅफिनचा रेणू अडेनोसिनसारखा दिसतो आणि पेशींवरच्या त्याच जागा अडवून बसतो. अडेनोसिन साचतच असतं, फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही. कॅफिन उतरलं की सगळा थकवा एकदम अंगावर येतो. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, व्यक्तीगणिक कमीजास्त. रात्री नऊच्या कॉफीचा निम्मा भाग दोन वाजता अंगात असतोच. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. आमच्या घरात त्या दिवसापासून दुपारी तीननंतर कॉफी बंद झाली.

त्या चुकलेल्या शब्दाकडे परत येते, कारण त्यात आणखी एक गोष्ट आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो, एका जागी सेकंदाचा पाव भाग टेकतो आणि पुढे जातो. मधलं बरंचसं मेंदू अंदाजाने भरतो. लिहिणारीला काय म्हणायचंय ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तिचा मेंदू कागदावरचं न वाचता मनातलं वाचतो. 'भरती' छापलेलं असलं तरी तिने 'ओहोटी'च वाचलं. दमलेला मेंदू या अंदाजावर जास्तच विसंबतो. पानाची ओळख पुसली की डोळ्याला थांबावं लागतं. आम्ही प्रकरणं वेगळ्या टायपात, मोठ्या अक्षरांत छापली. मी तक्त्यातले आकडे वाचायचे आणि तिने मजकूर मोठ्याने वाचायचा, असं ठरवलं. पहिल्याच संध्याकाळी आणखी पाच चुका निघाल्या. त्यातली एक मोजमापाच्या एककाची होती.

झोपेचा मी जो आग्रह धरला तो फक्त चुका टाळण्यासाठी नव्हता. झोपेत काम चालू असतं. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की जागेपणी जागा ओळखताना हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या ज्या पेशी एकत्र चेततात, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात. दिवसाचा धडा मेंदू रात्री गिरवतो. २००४ मध्ये जर्मनीत उलरिख वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी लोकांना आकड्यांचं एक कंटाळवाणं कोडं दिलं. त्यात एक जवळची वाट लपलेली होती, पण ती कोणाला सांगितली नव्हती. मधले आठ तास झोपलेल्यांपैकी ती वाट सापडलेल्यांचं प्रमाण तेवढाच वेळ जागलेल्यांच्या दुपटीहून जास्त होतं.

प्रबंधातलं 'चर्चा' हे प्रकरण असंच कोडं असतं. आपले आकडे, दुसऱ्यांचे आकडे, गाळाचा पोत, पाण्याचा खारटपणा, हे सगळं एकदम डोक्यात धरून त्यातला धागा शोधायचा. आणि मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं तसं, एका वेळी लक्षात धरता येणाऱ्या गोष्टी जेमतेम चार. म्हणून तिने आधी एका पानावर मुद्द्यांचा सांगाडा लिहिला, म्हणजे चार जागांपैकी निदान एक तरी 'पुढे काय' या चिंतेतून सुटली. चर्चा सकाळी आठ ते बारा. दुपारी जेवणानंतर गजर लावून वीस मिनिटं डुलकी. (नासाने १९९४ च्या अहवालात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना अशीच छोटी झोप दिली होती. सरासरी २६ मिनिटं झोपलेल्यांचं नंतरचं लक्ष नीट टिकलं.) संदर्भसूची, तक्त्यांच्या कडा, पानांचे क्रमांक संध्याकाळी. साडेअकराला दिवा बंद.

सोळा दिवसांतले चार दिवस तरीही कुठून तरी काढायचेच होते. ते रात्रीतून आले नाहीत. तिने गाईडना फोन केला आणि पावसाळ्यातल्या अपुऱ्या नमुन्यांचं उपप्रकरण गाळण्याची परवानगी मागितली. "मॅडम, ते आकडे मला स्वतःलाच पटत नाहीयेत," असं ती म्हणाली. मॅडमनी लगेच हो म्हटलं. प्रकरणं एकेक करून तपासायला पाठवायचंही ठरलं, म्हणजे एक त्यांच्याकडे असताना दुसरं इकडे लिहून व्हायचं. नवव्या दिवशी सकाळी दात घासता घासता ती बाहेर आली आणि तोंडात फेस असतानाच सांगू लागली, की मधल्या पट्ट्यात संख्या एकदम का पडते ते तिला कळलं होतं. तिथे खारफुटीची मुळं दाट आहेत आणि गाळ घट्ट आहे. ती नोंद तिच्याच वहीत सहा महिन्यांपूर्वीची होती.

बाराव्या दिवशी दुपारी आम्ही स्टेशनजवळ बाइंडिंगला प्रती दिल्या. घरी आल्यावर तिने भिंतीवरचा कागद काढला आणि प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने खरे दिवस लिहिले. संदर्भसूची: एक, त्यापुढे तीन. चर्चा: दोन, त्यापुढे साडेतीन. छपाईच्या ओळीत "आलेखांचा टाइप आधी तपास" असं लिहिलं. मग कागदाची घडी करून पाकिटात घातली आणि त्यावर ज्युनियरचं नाव टाकलं. पुढच्या वर्षी त्याच खाडीत ती उतरणार होती.