माय कामाला जाते, मग लेकीचं काय?

परवा परभणीकडं एका पोरीला विचारलं, आई काय करते गं? म्हणाली काही नाही, घरीच असते. आणि माय तिची सकाळीच भाकरी बांधून कापूस वेचायला गेलेली, किलोवर पैसे! रोज कमावणारी बाई पोरीच्या लेखी घरीच बसलेली.

हे आठवायचं कारण, 2018 साली हार्वर्डच्या प्राध्यापक कॅथलीन मॅकगिन आणि त्यांच्या टीमचा एक संशोधनाचा पेपर आला, 29 देशांतल्या 1 लाखाच्या वर लोकांच्या सर्व्हेवर. त्यात विचारलेलं, तुम्ही 14 वर्षांचे व्हायच्या आत आईनं निदान वर्षभर पगारी काम केलं का? ज्या बायकांच्या आईनं केलं होतं त्या स्वतः नोकरीत असण्याची शक्यता जास्त, हाताखाली माणसं असण्याची जास्त, कमाईपण जास्त. मुलग्यांच्या नोकरीत काही फरक नाही (ते तसेही जातातच कामाला), पण घरच्यांचं करण्यात ते जरा जास्त वेळ घालतात. आणि आई बाहेर गेली की लेकरं दुःखी होतात म्हणणाऱ्यांसाठी, मोठेपणीच्या सुखात काही फरक सापडला नाही.

आता हे बीडला लावून बघा. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (म्हणजे आगाऊ पैसे) मजूर नेणारा मुकादम बहुतेकदा नवऱ्याच्याच हातात देतो, तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकवर चढवते. पोरीनं मायचं काम बघितलं, मायच्या हातात पैसा बघितलाच नाही. वर मोठी पोरगी म्हणून कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला तीच सांभाळणार, शाळा सुटणार, मग लवकर लग्न, कारण जोडी असली की उचल जास्त. तीपण कामाला लागली म्हणायची, सर्व्हेत घातली तर मायचा परिणाम दिसला असंच येईल!

म्हणून मला वाटतं नुसतं माय कामाला जाते का विचारून भागत नाही, पैसा कुणाच्या हातात पडतो तेपण बघावं लागतं. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात टाकून, खातं कसं वापरायचं ते शिकवून बघितलं, त्यावरचा पेपर 2021 साली आला, तर त्या बायका नुसतं खातं मिळालेल्या बायकांपेक्षा जास्त कामाला जायला लागल्या. मजुरी तीच, फक्त खातं तिचं.

त्या पोरीच्या मायला वेचणीचे पैसे रोख मिळतात, पण घरी ठेवतं कोण ते विचारायचं राहिलं.