नवरदेवाच्या फुलांच्या मुंडावळ्या

मुंडावळ्या म्हणजे लग्नात वधूवरांच्या कपाळावर आडव्या बांधायच्या फुलांच्या किंवा मोत्यांच्या सरी. आडव्या सरी एक किंवा दोन असतात, दोन्ही कानशिलांपाशी एकेक सर खाली लोंबते, तिच्या टोकाला गोंडा किंवा गुलाबाची कळी असते आणि मागे बांधायला दोन्हीकडे मोकळा दोरा सोडलेला असतो. बाशिंग ही वेगळी वस्तू. ते पुठ्ठा, बेगड, मणी वापरून केलेले, उभे आणि कडक असते. सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत दोन्ही बांधतात, काही घरांत फक्त मुंडावळ्या. गुडघ्याला बांधायचे ते मात्र बाशिंगच. तो मान मुंडावळ्यांना नाही.

या भागात नवरदेव अक्षतांना फेटा बांधून उभा राहतो, त्यामुळे त्याच्या मुंडावळ्यांचे माप नवरीच्या मापाने चालत नाही. उघड्या डोक्यावर कपाळावरून कानापासून कानापर्यंतचे अंतर साधारण २८ ते ३० सेंमी भरते. फेट्याच्या घडीवरून तेच ३६ ते ४० सेंमी होते. तरीही हारवाल्याला बहुतेक वेळा ‘नवरा-नवरीच्या दोन जोड्या’ एवढेच सांगितले जाते, तो दोन्ही सारख्या मापाच्या ओवतो, आणि ऐन वेळी नवरदेवाची फुले भुवयांच्या वर संपून कानांपर्यंत नुसता दोरा दिसतो. उपाय सोपा आहे. फेटा ठरला की तो, शिवलेला असला तरी, डोक्यावर चढवून त्यावरून सुतळीने माप घ्यावे आणि सुतळीला गाठ मारून ती सुतळीच हारवाल्याकडे द्यावी. फुलांच्या दोन्ही टोकांना ३५ सेंमी तरी दोरा मोकळा मागावा. मागे फेट्याचा शेमला, म्हणजे पाठीवर सोडलेले टोक, असतो, आखूड दोऱ्याची गाठ त्याच्याखाली पोचत नाही.

लोंबत्या सरी हनुवटीपर्यंत, म्हणजे १८ ते २० सेंमी ठेवाव्यात. छातीपर्यंतच्या सरी फोटोत उठून दिसतात, पण वरमाला घालताना मित्र नवरदेवाला उचलतात त्या झटापटीत हाराची जरतार त्यांत अडकते आणि हार खाली ओढला की मुंडावळ्याही सुटतात. चष्मा असेल तर लोंबती सर भुवईच्या टोकापासून दोन बोटे मागे सुरू व्हावी, काडीच्या बाहेरून. काडीखाली आलेली सर डोके हलले की चष्मा वर ढकलते.

फूल कोणते, हे महिना आणि मुहूर्ताची वेळ ठरवतात. मार्च ते जून मोगरा भरपूर येतो आणि या कामाला तोच उत्तम: कळी लहान, हलकी, एकसारखी. दोन आडव्या आणि दोन लोंबत्या सरींना सव्वाशे ते दीडशे कळ्या लागतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीत मोगरा कमी आणि महाग होतो. तेव्हा कागडा किंवा निशिगंध घेतात. बाजारात निशिगंधाला गुलछडी म्हणतात. त्यातली सिंगल जात घ्यावी. डबल जातीची कळी जाड आणि जड असते, सर कपाळावरून घसरते. बारीक शेवंती टिकते चांगली, पण आडव्या सरीत तिचा फुगवटा फेट्याच्या कडेखाली मावत नाही, म्हणून ती गोंड्यालाच बरी. झेंडू तोरणाला शोभतो. सांगलीकरांना मिरजेचा फूलबाजार जवळ आहे. साताऱ्यात पुण्याकडूनही माल येतो, त्यामुळे तिथे दोन दिवस आधी सांगून ठेवलेले चांगले.

मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलते. दुपारी साडेबाराच्या अक्षतांना सकाळी घेतलेली कळी मिटलेली, पांढरी राहते. गोरज मुहूर्ताला तीच कळी उमललेली असते, हात लागला की पाकळीवर तपकिरी डाग पडतो. संध्याकाळच्या लग्नाला म्हणून दुपारनंतर ओवलेली सर मागावी किंवा मोत्यांच्या मुंडावळ्यांवर समाधान मानावे.

ओवणीसाठी दुहेरी सुती दोरा योग्य. तो ओला झाला की फुगतो आणि कळ्या जागेवर धरतो. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुळगुळीत असल्याने कळ्या सरकून मधोमध गोळा होतात, शिवाय तासाभरात कपाळावर काचतो. केळीच्या सोपटाचा दोर गजऱ्याला ठीक. वाळला की तो गाठीपाशी तुटतो. हातात घेतल्यावर सर उभी धरून हलकी झटकून पाहावी. दोन-चार कळ्या गळल्या तर ओवण सैल आहे.

लग्नघरी आणल्यावर मुंडावळ्या ओल्या पंच्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात वाफ धरते आणि कळ्या पिवळ्या पडतात. बांधण्याआधी पाणी शिंपडून लगेच चढवू नयेत. लाल बांधणीच्या फेट्याचा रंग सुटून कपाळावर ओघळ येतो आणि तो गंध वाटतो.

बांधण्याचा क्रम: आधी फेटा, मग मुंडावळ्या. उलटे केले की फेटेवाल्याच्या ओढीखाली कळ्या चिरडतात आणि दोरा कपाळात रुतून अक्षता पडेपर्यंत डोके ठणकू लागते. आडवी सर फेट्याच्या खालच्या कडेवर अर्धी, कपाळावर अर्धी अशी बसवावी. मागे शेमल्याखाली सुरगाठ मारावी आणि कानशिलांपाशी एकेक लहान सेफ्टी पिन फक्त दोऱ्यातून व फेट्याच्या घडीतून घालावी, कळीतून नाही. बांधण्याचा मान बहुतेक घरांत करवलीचा असतो. तिची उंची नवरदेवापेक्षा कमी पडते, म्हणून त्याला पाटावर बसवून घ्यावे.

परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, उन्हातून मारुतीच्या देवळाला जाऊन येतो आणि घोड्यावरच्या अर्ध्या-पाऊण तासात फुले मान टाकतात. म्हणून सकाळच्या विधींना आणि परण्याला मोत्यांच्या, मांडवात परतल्यावर फुलांच्या, अशा दोन जोड्या ठेवणे खर्चात फारसे वाढत नाही.

रिसेप्शनला फेटा उतरून कोट येतो, आणि मुंडावळ्यांच्या जागी कोटाच्या डाव्या कॉलरवर फूल. तिथे अर्धवट उमललेला एकच गुलाब पुरतो. देठ ५ सेंमी ठेवून टोकाला ओला कापूस आणि वर हिरवी टेप गुंडाळावी, काटे काढावेत, पिन कॉलरच्या मागून घालावी. गुच्छासारखे मोठे फूल कॉलर खाली ओढते, आणि स्टेजवर गळाभेट घेणारा तिसरा-चौथा पाहुणा ते चेंगरतोच. म्हणून तयार केलेले दुसरे फूल करवलीच्या पर्समध्ये असावे.