आवाज बदलला हे मेंदूला कळणं आणि माणसाला कळणं: एमएमएन आणि पी-३००

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात नवख्याला शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मागवाला मात्र कांडी बदलता बदलता गप्पा मारतो आणि एखाद्या मागाचा ठोका चुकला की बरोबर तिकडे वळतो. या एवढ्याशा घटनेत मेंदूची दोन कामं असतात: बदल आपोआप टिपणं आणि त्याची जाणीवपूर्वक दखल घेणं. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या आलेखावर, त्यांच्या दोन वेगळ्या लहरी दिसतात: एमएमएन, म्हणजे मिसमॅच निगेटिव्हिटी, आणि पी-३००.

दोन्हींची गल्लत होते, कारण चाचणी जवळपास तीच. एकसारखे सूर ऐकवत राहायचे, अधूनमधून एखादा वेगळ्या पट्टीतला टाकायचा आणि अशा पुष्कळ नोंदींची सरासरी काढायची. खरा फरक आहे तो समोरच्याला काय करायला सांगितलं यात.

"आवाजाकडे लक्ष देऊ नका, पुस्तक वाचा" असं सांगितलं तरी एमएमएन उमटते. आवाज बदलल्यापासून साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत, कपाळाकडच्या भागात, ऋण दिशेने. फिनलंडच्या रिस्टो नॅटॅनेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती मांडली. "लक्ष लागतच नाही" असं मात्र छातीठोकपणे म्हणू नये. एका कानावर लक्ष अगदी एकवटलं, तर दुसऱ्या कानातल्या काही बदलांची एमएमएन रोडावते.

"वेगळा सूर आला की मोजा" असं सांगितलं, की ३०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा पुढे, डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात धन दिशेची मोठी लहर येते. ही पी-३००. सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांनी ती १९६५ मध्ये दाखवली. पुस्तकात रमलेल्याच्या आलेखात ती जवळजवळ नसतेच. (अचानक चमत्कारिक आवाज आला की न सांगताही उमटणारी पी-३ए ही तिची बहीण, नावांचा हा घोळ संशोधकांनीच घातलाय.)

लहान मुलांची झोपेत करतात ती बेरा, म्हणजे ऐकू येतं का हे मेंदूच्या लहरींवरून पाहणारी चाचणी, या दोन्हींत बसत नाही. ती पहिल्या १० मिलिसेकंदांतच आटोपते, लक्ष असो वा नसो.

कोमातल्या रुग्णाला "मोजा" सांगून उपयोग नाही, म्हणून तिथे एमएमएन कामी येते. ती दिसली तर शुद्धीवर येण्याची आशा वाढते. दिसली नाही म्हणून आशा सोडायची नसते. आणि कुणाच्या रिपोर्टात पी-३०० क्षीण असेल, तर आधी विचारावं: चाचणीच्या वेळी तो पेंगत तर नव्हता ना?