व्यायामाने अंगावर उठणाऱ्या गांधी

धावायला लागून दहा मिनिटे होत नाहीत तोच छातीवर आणि मानेवर खाज सुटते, टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठतात, त्यांच्याभोवती लाली पसरते आणि अंग निवल्यावर तासाभरात सारे मावळते. याला आपण ‘पित्त उठणे’ म्हणतो खरे, पण यकृतातल्या पित्तरसाशी त्याचा काहीही संबंध नसतो. त्वचेतील मास्ट नावाच्या संरक्षक पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात, त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि तेवढी त्वचा फुगते.

१ ते ३ मिलिमीटरच्या या गांधींना वैद्यकात कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात. यात दोष व्यायामाचा नसून शरीराचे तापमान वाढण्याचा असतो. म्हणूनच कढत पाण्याने अंघोळ केल्यावर, तिखट खाल्ल्यावर किंवा संतापल्यावरही त्याच गांधी उठतात. हा प्रकार त्रासदायक असला तरी बहुधा धोक्याचा नसतो.

व्यायामजन्य अ‍ॅनाफिलॅक्सिसचे मात्र तसे नाही; ही साऱ्या शरीरात उमटणारी, जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी असते. यातल्या गांधी सहसा मोठ्या असतात आणि नुसत्या गरम पाण्याने त्या उठत नाहीत. पुढे ओठ किंवा घसा सुजणे, धाप लागणे, उलटी होणे, रक्तदाब घसरून भोवळ येणे असे प्रकार घडू शकतात. काहींच्या बाबतीत गहू किंवा कोळंबीसारखा पदार्थ एरवी पचतो, व्यायामही एरवी सोसतो, पण खाऊन लगेच व्यायाम केला की दोन्ही मिळून घात करतात, आणि त्यात अ‍ॅस्पिरिनसारखे वेदनाशामक घेतलेले असेल तर झटका येण्याची शक्यता आणखी वाढते. या कोड्यामुळेच निदानाला पुष्कळदा उशीर होतो. झटक्यापूर्वीच्या काही तासांत काय खाल्ले आणि कोणती औषधे घेतली, याची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी तज्ज्ञ देखरेखीखाली व्यायामाची आणि गरम पाण्याची चाचणी घेतात. ती घरी करून पाहू नये.

कोलिनर्जिक प्रकारात सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारखी, कमी गुंगी आणणारी अँटिहिस्टामिने (हिस्टामिनला रोखणारी औषधे) रोज घेतल्याने बहुतेकांना आराम पडतो, आणि गरज भासल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात. तेवढ्यानेही भागले नाही तर ओमालिझुमॅबच्या इंजेक्शनचा विचार होतो. एका झटक्यानंतर काही काळ पुन्हा गांधी उठत नाहीत, म्हणून हळूहळू वाढवत नेलेला नियमित व्यायाम काहींना मानवतो. व्यायाम कायमचा सोडून देणे मला तरी शेवटचा उपाय वाटतो.

अ‍ॅनाफिलॅक्सिसचा इतिहास असल्यास अँटिहिस्टामिनवर विसंबून राहता येत नाही. संशयित पदार्थ खाल्ल्यावर निदान ४ ते ६ तास व्यायाम टाळावा, एकट्याने व्यायाम करू नये आणि खाज सुटताच थांबावे. श्वासाला अडथळा आला किंवा भोवळ येऊ लागली तर डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस तत्काळ टोचावे, रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वास घेणे जड जात असेल तर बसू द्यावे, आणि बरे वाटले तरी रुग्णालय गाठावे, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.