गाडी थांबवली कोणी? कालप्रवासाच्या मालिकांमधल्या चुकांवरच्या वादाची पार्श्वभूमी

"मंग ते पोट्टं जन्मलंच नाही, तं गाडी थांबवली कोणं?" 'डार्क' ही कालप्रवासाची जर्मन मालिका पाहिलेल्या नागपूरकरांमध्ये हा प्रश्न जून २०२० पासून धुमसतो आहे. ट्रॅफिक पार्कजवळची चहाची टपरी असो की हॉस्टेलची गच्ची, कोणी नवा माणूस मालिका संपवून आला की वाद पुन्हा पेटतो. मुद्दे मात्र तेच राहतात, कारण त्यांची मुळं या एका मालिकेच्या बरीच मागे जातात. (शेवट पुढे उघड केला आहे. मालिका पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावं.)

काळाचे असे खेळ आपल्याला नवे नाहीत. मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी गेलेला राजा ककुद्मी गंधर्वांचं गाणं संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात, ही कथा कीर्तनातून सगळ्यांनी ऐकलेली. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची, १९८९ मध्ये मुलांच्या 'इंद्रधनुष' मालिकेतही कालप्रवास होता. पण तेव्हा भाग एकदा निसटला की निसटला. पुढे विदर्भात लोडशेडिंगची वर्षं आली आणि ऐन रंगात आलेला भाग अंधारात जाऊ लागला. अर्धवट पाहिलेल्या गोष्टीत चूक शोधायची तरी कशी? चूक पकडायची तर मागे जाऊन पुन्हा पाहता यायला हवं. माझ्या मते या वादाच्या इतिहासात कालप्रवासाच्या कल्पनेइतकंच महत्त्व पुन्हा पाहण्याच्या सोयीला आहे.

याचा सर्वात बोलका पुरावा ब्रिटिश 'डॉक्टर हू'मध्ये सापडतो. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. प्रेक्षक जुने भाग पुन्हा पाहतील असं निर्मात्यांच्या मनातही नव्हतं. साठच्या दशकातल्या कित्येक भागांच्या टेप त्यांनी स्वतःच पुसल्या. सत्तरच्या दशकात या मालिकेत एक लष्करी पथक बरंच गाजलं. त्याच्या कथा 'नजीकच्या भविष्यात' घडतात असं मोघम ठरलं होतं. १९७५ च्या एका कथेत या पथकाशी संबंधित नायिका आपण १९८० मधून आल्याचं सांगते. १९८३ च्या कथेत मात्र त्याच पथकाचा प्रमुख १९७६ मध्येच निवृत्त झालेला आणि १९७७ मध्ये एका शाळेत शिकवताना दिसतो. हा घोळ पडद्यामागच्या अडचणीतून झाला. ती कथा मुळात मालिकेतल्या जुन्या शिक्षकाच्या पात्रासाठी रचली होती. तो नट मिळाला नाही, म्हणून लष्करी अधिकाऱ्यालाच शाळेत आणून बसवलं. तोवर घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर येऊ लागले होते आणि चाहत्यांना दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहता येत होत्या. पंचवीस वर्षांनी, २००८ मध्ये, लेखकांनी नायकाच्याच तोंडी "सत्तरच्या दशकात, की ऐंशीच्या?" अशा अर्थाचं वाक्य घातलं. वाद मिटला नाही, पण लेखकांनी तो ऐकल्याची पावती चाहत्यांना मिळाली.

इथून चुकांचे दोन ढीग पडले. पहिल्यात चित्रीकरणातल्या चुका: पेला आधी अर्धा, मग भरलेला, किंवा भांग डावीकडचा उजवीकडे गेलेला. दुसऱ्यात मालिकेने स्वतःच घातलेला नियम मोडणं. नागपूरच्या मंडळींनी पहिला ढीग केव्हाच बाजूला सारला आणि ते योग्यच केलं. भांडण होतं ते दुसऱ्यावर.

'डार्क' ही जर्मन मालिका डिसेंबर २०१७ मध्ये आली. तीन सीझन, २६ भाग. एक छोटं गाव, चार कुटुंबं आणि ३३ वर्षांचं चक्र: १९५३, १९८६, २०१९. शेवटचा सीझन २७ जून २०२० ला आला आणि कथेतला प्रलयही त्याच तारखेचा. टाळेबंदीमुळे पुण्या-बंगळुरूची कॉलेजं सोडून घरी परतलेली पोरं तेव्हा नागपुरात कूलरसमोर बसून होती. वेळ भरपूर आणि मागेपुढे करायला बोट मोकळं. कार्डशीटवर वंशावळी निघाल्या. मालिकेत दोन समांतर जगं आहेत, म्हणून निळ्या स्केचपेनने एक जग, लाल रंगाने दुसरं. शार्लोट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आई आणि मुलगी, त्यामुळे तिथे बाण गोल फिरून स्वतःलाच येऊन चिकटायचा.

हा गोल बाण मात्र चूक नव्हे, आणि याबद्दल चुका काढणारे आणि मालिकेचा बचाव करणारे असे दोन्ही गट सहमत आहेत. ज्याला सुरुवात नाही असं वर्तुळ हा मालिकेचा मान्य नियम आहे. दुसरा नियम असा, की जे घडलं ते बदलत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये नोआ हा साथीदार म्हाताऱ्या अॅडमवर, म्हणजे म्हातारपणीच्या नायक जोनासवर, पिस्तूल रोखून चाप ओढतो, पण गोळी सुटत नाही, कारण अॅडमला पुढे जगायचंच आहे. तिसऱ्या सीझनमध्ये मात्र दुसऱ्या जगातली, वयाने मोठी झालेली मार्था तरुण जोनासवर गोळी झाडते आणि तो मरतो. हा जोनास मेला तर पुढे अॅडम झाला कोण?

मालिकेचं उत्तर तिसऱ्या सीझनच्या उत्तरार्धात येतं. प्रलयाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो, कार्यकारणाची साखळी तुटते आणि त्या फटीतून दोन्ही शक्यता खऱ्या होतात. एका शक्यतेत मार्था येऊन जोनासला घेऊन जाते. दुसरीत बार्तोश तिला वाटेतच अडवतो आणि जोनास तळघरात लपून वाचतो. मरतो तो पहिला, अॅडम होतो तो दुसरा. याच फटीचा उपयोग करून शेवटी जोनास आणि मार्था मूळ जगात, १९७१ मध्ये पोचतात आणि घड्याळजीच्या मुलाची गाडी अपघातापूर्वी परत फिरवतात. अपघात टळला, मेलेल्या मुलासाठी घड्याळजीने यंत्र बनवलं नाही, त्यातून दोन जगं फुटली नाहीत, आणि हे दोघे जन्मलेच नाहीत.

गाडीच्या प्रश्नात फारसा दम नाही असं मला वाटतं. दोन शक्यता एकत्र नांदू शकतात हे मान्य केलं की गाडी थांबवणारे होते आणि नव्हते, हेही त्याच हिशेबात बसतं. निमिषभराच्या त्या फटीवरची हरकत मात्र खरी आहे. अठरा भाग प्रेक्षकाला सांगायचं की काहीही बदलत नाही आणि शेवटच्या काही तासांत किल्ली काढून दाखवायची, ही पद्धत मला अजूनही खटकते. बचाव करणारे दोन गोष्टी पुढे करतात. दुसऱ्या सीझनच्या शेवटी दुसऱ्या जगातली मार्था दारात उभी राहते, म्हणजे बीज तेव्हाच पेरलं होतं. शिवाय 'बदलत नाही' हे पात्रं म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचा आपापला स्वार्थ आहे. दुसरा मुद्दा वजनदार आहे. पण न सुटलेली गोळी प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिली होती, ती कोणा पात्राची थाप नव्हती.

गेल्या काही वर्षांत वादाचा रोख क्लाउडियाच्या मुलीकडे, रेगीनाकडे वळला आहे. शेवटच्या प्रसंगात, जेवणाच्या टेबलाभोवती, फक्त दोन जगांच्या कालप्रवासातून पडलेल्या गाठीबाहेरची माणसं उरतात आणि रेगीना त्यांत आहे. आधीच्या भागांवरून तिचा बाप ट्रॉन्टे असावा असं वाटत होतं. तसं असतं तर ती उरलीच नसती, कारण ट्रॉन्टेचा जन्मच त्या गाठीतला. म्हणून क्लाउडिया शेवटी सांगते की बाप ट्रॉन्टे नाही. वंशावळीत बर्न्ड डॉप्लरचं नाव दिसतं. एक गट म्हणतो, हे सुरुवातीपासून योजलेलं होतं, क्लाउडियाची सगळी धडपड मुलीसाठीच तर होती. दुसरा गट याला १९८३ च्या त्या शाळेसारखी, अडचण आल्यावर केलेली डागडुजी मानतो. पहिल्या सीझनमधले क्लाउडिया आणि बर्न्ड यांचे प्रसंग पुन्हा लावून, थांबवून थांबवून तपासण्याचं काम सध्या दोन्हीकडून सुरू आहे.